दुनळीच्या पत्र्यातली काळी रेघ

आर्विड टांगेनच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही. गाडी वर्षभर बाहेर ऊन-बर्फ खात उभी असते. आत तिच्या जागेवर एक लांबडं टेबल, दोन दिवे, तारेवर टांगलेल्या पांढऱ्या चादरी आणि टेबलावर कुणाची तरी बंदूक. मोंटानाच्या ह्या पूर्वेकडच्या माळावर माणसं थोडी आणि बंदुका उदंड. घरातलं म्हातारं माणूस गेलं की कपडे चर्चला जातात, कुत्रा शेजाऱ्याकडे जातो आणि बंदुका लिलावाला. लिलाव आता कॉम्प्युटरवर, म्हणजे आधी फोटो हवेत. मग विधवा येतात, मुलगे येतात, जावई तर सगळ्यांच्या आधी येतात, आणि गोधडीत गुंडाळलेलं ते ओझं आर्विडच्या टेबलावर ठेवून कॉफीची वाट बघत बसतात.

कुणी शहाणा घरीच फोटो काढून आणतो. तो आर्विडच्या तावडीत सापडला की बघायला नको.

"फ्लॅश मारलास ना?"

"थोडासा."

"थोडासा! पोलादावर फ्लॅश मारणं म्हणजे आरशात टॉर्च मारणं. मधे पांढरा डाग आणि बाजूला सगळा काळोख. आणि मागे ही केचपची बाटली कशाला? तीपण विकायला काढलीय का?"

राग निवला की तो शिकवायला बसतो, आणि शिकवायला बसला की समोरच्याची जेवायची वेळ टळते. उजेड मोठा हवा आणि मऊ हवा, खिडकीएवढा, चादरीतून गाळलेला. खिडकीचा उजेड आणि बल्बचा उजेड एकमेकांत मिसळायचे नाहीत, नाहीतर नळी एका अंगाने निळी आणि दुसऱ्या अंगाने कावीळ झाल्यासारखी दिसते. नक्षी दाखवायची तर एक छोटा दिवा टेबलाला चिकटवून आडवा ठेवायचा, मग खोदलेलं हरीण उठून उभं राहतं. नळीच्या कडेला काळा पुठ्ठा धरायचा, म्हणजे पोलादाला काठ येतो. लाकडी दस्त्याला उजेड जरा कडक चालतो, लाकूड सोसतं. हे सगळं सांगून झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं: "पोलादाला स्वतःचा चेहरा नसतो बाबा. त्याच्यात जे पडतं त्याचाच फोटो निघतो. म्हणून आधी खोलीत काय आहे ते बघ, बंदूक मग."

लोकांना हे सांगणारा हा माणूस स्वतः मात्र खोलीत काय आहे ते बघायचं विसरला, त्याची ही हकिगत.

आर्विड मूळचा शाळेतल्या मुलांचे फोटो काढणारा. आमच्या ब्रॅकेट गावात आणि आसपास असं एकही पोर नसेल, ज्याला त्याने "हनुवटी खाली घे, राजा" म्हटलं नाही. पोरांच्या पुटकुळ्या, आयांच्या सुरकुत्या, नवऱ्यामुलाच्या डोळ्यांतली आदल्या रात्रीची बियर, सगळं तो बारीक ब्रशने पुसून द्यायचा. लोक खूश असायचे. मग डिजिटल कॅमेरे आले, जो तो फोटोग्राफर झाला आणि आर्विडकडे कुणी फिरकेना. त्यानेही मग झक मारत डिजिटल घेतला, शिव्या घालत शिकला आणि बंदुकांकडे वळला. "पोरं हलतात," तो म्हणतो, "बंदुका हलत नाहीत. आणि त्यांच्या आया मागे उभ्या राहून 'हस ना रे सोन्या' करत नाहीत."

पण त्याने काढलेला सगळ्यात देखणा फोटो बंदुकीचा नाही. तो आहे त्याच्या धाकट्या भावाचा, ऑरिनचा. फार जुनी गोष्ट. ऑरिन एक दिवस आपणहून स्टुडिओत आला, धुतलेला शर्ट घालून, आणि म्हणाला, "माझा एक चांगलासा काढ." आर्विडने हौसेने काढला, रात्र जागून सजवला. आठवड्याच्या आत तोच फोटो शवपेटीवर ठेवायची वेळ आली. पेपरात आलं, बंदूक साफ करताना अपघात. आमच्याकडे पेपरात हे वाक्य अधूनमधून येतच असतं. वाचणारा वाचतो, पेपराची घडी घालतो आणि त्या घरी जेवणाचं भांडं पोचवून येतो. त्या दिवशी ऑरिनच्या टेबलावर ना तेलाची बाटली होती ना चिंधी. तरी त्यांची आई मरेपर्यंत म्हणत राहिली, "साफ करत होता माझा पोरगा. फार टापटिपीचा होता." आर्विडनेही तेच म्हटलं. आईपाशी म्हटलं, पाद्रीबाबांपाशी म्हटलं, आणि पुढे कुणी विचारेनासं झालं तेव्हा स्वतःशीच म्हणत राहिला.

आता लीलंडकडे येतो. लीलंड ब्रुस्वेन म्हणजे आर्विडचा शाळेपासूनचा दोस्त. गावाबाहेर खडीच्या रस्त्याच्या टोकाला त्याचं रान, गाई-वासरं, एक मोठा लाल गोठा. ईस्टरच्या सुमारास त्याची बायको कॉरीन कॅन्सरने गेली. दफनाला सगळं गाव लोटलं होतं, आणि नंतर जो तो आपापल्या कामाला लागला. लीलंड मात्र कामाला लागलाच नाही. दाढी वाढली, वासरांना मालकीचे डाग द्यायचे राहिले, कुंपण एका बाजूने आडवं झालं ते तसंच. मुलगी जनेल बिलिंग्जला इस्पितळात नर्स आहे. तिने एका सकाळी आर्विडला फोन केला.

"आर्विडकाका, बाबा फोनवर नुसतं 'हं, हं' करतात. काल म्हणाले, माझ्यावाचून आता कुणाचं काय अडलंय."

"बोलतो गं तो तसं."

"नाही काका. ते तसं कधी बोलत नाहीत. तुम्ही त्यांच्या बंदुका तुमच्याकडे आणून ठेवाल का?"

"आणतो की. फोटोचं निमित्त काढतो. तू काळजी करू नकोस."

ही आमच्याकडची रीत आहे, आणि तिला नाव नाही. एखाद्याचं बरं चाललेलं नसलं, बायको गेली, जमीन गेली, दारू वाढली, की कुणी मित्र ट्रक घेऊन त्याच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "तुझ्या बंदुका जरा माझ्याकडे राहू देत." कशासाठी, हे तो सांगत नाही आणि दुसरा विचारत नाही. बंदुका जातात, दिवस जातात, माणूस हसायला लागला की बंदुका परत येतात. रीत चांगली आहे. तिने माणसं वाचवलीत. एवढंच की तिच्यात तोंड उघडावं लागत नाही, आणि तोंड न उघडण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

आर्विड गेला तेव्हा लीलंड पायरीवर बसला होता.

"विम्यासाठी फोटो?" लीलंड म्हणाला. "अरे, माझ्या छपराचा विमा नाही, बंदुकांचा कशाला?"

"छप्पर देखणं नाहीय तुझं."

लीलंड त्याच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. आर्विडला कळलं की त्याला कळलंय. दोघेही गोठ्याकडे चालायला लागले.

फोटो गोठ्यातच काढायचे ठरले, कारण तिथल्यासारखा उजेड आख्ख्या मुलखात नाही. उत्तरेकडचं भलंमोठं दार उघडलं की ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. शिवाय समोरच्या आडभिंतीला कॉरीनने स्वतः चुना मारला होता. दाराचा उजेड त्या पांढऱ्या भिंतीवर पडून परत येई आणि पोलादावर दुधासारखा पसरे. भिंतीवर फावडी, दोर, लगाम टांगलेले. आर्विडने ते सगळे काढून बाजूला ठेवले, पोलादात नसती भुतावळ दिसायला नको म्हणून. दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकली, तिच्यावर लीलंडची खोगिराखालची करडी घोंगडी अंथरली, आणि भिंतीकडे पाठ करून कॅमेरा तिपाईवर लावला, तोही जरा तिरका, म्हणजे आपलं तोंड पत्र्यात येणार नाही. मग पांढरे सुती हातमोजे घालून एकेक बंदूक उघडून बघितली. रिकामी आहे हे लीलंडने दाखवलं तरी ह्याने पुन्हा करंगळी घालून बघितलीच. ही त्याची जुनी सवय, तिच्यावरून लोक त्याची टिंगल करतात.

लीलंड पांढरा पुठ्ठा धरून उभा राहिला.

"हात थरथरतोय तुझा," आर्विड म्हणाला.

"तुझं तोंड सारखं थरथरत असतं, त्याचं काय?"

किती दिवसांनी लीलंड असं काही बोलला होता. आर्विडला इतकं बरं वाटलं की तो उगाच जास्त फोटो काढत बसला. शेवटची बंदूक म्हणजे कॉरीनच्या वडिलांनी लग्नात दिलेली दुनळी. चापाच्या वर दोन्ही बाजूंना रुपेरी पत्रा, त्यावर उडणारी बदकं कोरलेली, बाकी पत्रा आरशासारखा गुळगुळीत. तिचे फोटो काढताना लीलंड दाराकडे तोंड करून उभा होता.

चारही बंदुका ट्रकमध्ये ठेवल्यावर आर्विडने विचारलं, "एवढ्याच ना?"

"एवढ्याच."

लीलंड खोटं बोलला नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

उन्हाळा गेला. बंदुका आर्विडच्या लोखंडी कपाटात, फोटो त्याच्या कॉम्प्युटरमध्ये. हरणाच्या शिकारीचे दिवस जवळ आले, गावात नारिंगी टोप्या दिसायला लागल्या, आणि एका सकाळी लीलंड कॅफेत हजर. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. त्याने ॲपल पाय मागवला, सगळा खाल्ला, वाढणारीची थट्टा केली आणि आर्विडला म्हणाला, "विकून टाक रे त्या चारही. पडून राहून काय करायच्यात? पैसे जनेलला जाऊ देत."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की. फोटो तर काढलेलेच आहेत तुझे."

आर्विडचं मन पिसासारखं हलकं झालं. बंदुका परत मागत नाही, विकतोय, म्हणजे माणूस वळणावर आला, आणखी काय पाहिजे! घरी जाऊन त्याने आधी जनेलला फोन लावला. "सावरला गं तुझा बाप. ॲपल पाय खाल्ला आख्खा." जनेल फोनवर रडली. "देवासारखे धावलात काका," म्हणाली. आर्विडने घसा खाकरला आणि बर्फ कधी पडेल ह्यावर बोलून फोन ठेवला.

दोन दिवसांनी लीलंडचा ट्रक गॅरेजपुढे थांबला. तो खालीसुद्धा उतरला नाही. काचेतून त्याने ती करडी घोंगडी पुढे केली. "घे. दर वेळी मागतोस. आता तुझ्याकडेच राहू दे."

"आणि टक कुठाय?" टक म्हणजे त्याचा कुत्रा. तो नसेल तर लीलंडचा ट्रक ओकाबोका दिसतो.

"बर्निसकडे दिला. तिथे मेंढ्या आहेत, त्याचा जीव रमेल." बर्निस म्हणजे शेजारीण. "चल, येतो."

लीलंड कधी "येतो" म्हणून जात नाही, नुसताच जातो. आर्विडच्या मनात कुठेतरी खुट्ट झालं. पण टेबलावर काम पडलं होतं आणि लिलाववाल्यांची घाई होती. घोंगडी खुर्चीवर टाकून तो कॉम्प्युटरपुढे बसला.

दुनळीचा फोटो सुरेख आला होता. दुधाळ उजेड, बदकांची पिसं न पिसं मोजून घ्यावी अशी. फक्त बदकांच्या वर, गुळगुळीत पत्र्यात, एक बारीक काळी रेघ पडली होती. आर्विडने जीभ चावली. तिपाईचा पाय आला असणार, नाहीतर कॅमेऱ्याचा पट्टा. इतकी खबरदारी घेऊन शेवटी घाण राहिलीच! त्याने माउस फिरवला आणि रेघ पुसली. पत्रा स्वच्छ झाला. मग दुनळीच्या दुसऱ्या बाजूचा फोटो उघडला. तिथेही तीच रेघ. ती पुसायला म्हणून त्याने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि त्याचा हात थांबला.

तिपाईचा पाय आडवा नसतो. रेघ आडवी होती. एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड. खाली दोन ठिपके, तिला तोलून धरलेले. दोन खिळे.

ती गोठ्यातली बंदूक होती.

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना कसं सांगावं? आमच्याकडे कुणाला विचारा, किती बंदुका आहेत, तो म्हणेल चार, पाच, सहा. गोठ्यात खिळ्यांवर टांगलेली ती म्हातारी एकनळी त्यात धरत नाहीत. दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली, नळीला गंज, बापाच्या किंवा आज्याच्या वेळची. वासरांमागे कोल्हा लागला तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली. फावडं कुणी मोजतं का? आर्विडने त्या भिंतीवरून फावडी, दोर, लगाम स्वतःच्या हाताने उतरवले होते. त्यांच्या हातभर वर ती होती आणि त्याला दिसली नाही. विकण्यासारखी नाही, फोटो काढण्यासारखी नाही, म्हणजे त्याच्या लेखी ती बंदूकच नव्हती. दिवसभर तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. पोलादाने तेवढी बघितली, आणि पोलादाने दाखवली तर ह्याने पुसली.

त्याने लीलंडला फोन लावला. घंटा वाजत राहिली. खुर्चीवर घोंगडी पडली होती. कुत्रा शेजाऱ्याकडे, बंदुका लिलावाला. आर्विड टोपी न घेता बाहेर पडला.

खडीच्या रस्त्यावर गाडी कशी हाकली ते त्याला आठवत नाही. तोंडाने सारखं एकच चाललं होतं, "गाढवा, गाढवा, म्हाताऱ्या गाढवा," आणि ते लीलंडला होतं की स्वतःला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुपार टळली होती, माळावर वारा सुटला होता. गोठ्याचं दार सताड उघडं. आत शिरल्यावर त्याने आधी भिंतीकडे बघितलं. दोन खिळे आणि चुन्यावर त्या बंदुकीच्या आकाराचा मळकट डाग.

लीलंड गवताच्या भाऱ्यावर बसला होता. बंदूक मांडीवर आडवी.

"तू कुठे इकडे?" त्याने विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"फोन उचलला नाहीस."

"बाहेर होतो. कोल्हा लागलाय वासरांमागे."

वासरं त्याने गेल्याच महिन्यात विकली होती. दोघांनाही ते माहीत होतं. आणि तरीसुद्धा, खरं सांगतो, आर्विडला त्या क्षणी हायसं वाटलं. कोल्हा! काय सोपं होतं कोल्हा म्हणणं. बरं म्हणायचं, हवेचं बोलायचं, उद्या येतो म्हणून निघायचं. जिभेच्या टोकावर आलं होतं त्याच्या.

त्याऐवजी तो म्हणाला, "हिचा फोटो राहिला."

"हिचा?" लीलंड हसला. "हिला कोण घेतंय? चिकटपट्टीची किंमत येईल."

"तरी काढतो. दे इकडे."

"उद्या काढ. उद्या ये सकाळी."

"आज उजेड चांगला आहे."

"आर्विड," लीलंड हळूच म्हणाला, "घरी जा. तुझ्या पाया पडतो, घरी जा."

आर्विड समोरच्या भाऱ्यावर बसला. वाऱ्याने दार कुरकुरत होतं. मग तो बोलला ते स्वतःलाच ऐकू येत नसल्यासारखं.

"ऑरिन बंदूक साफ करत नव्हता."

लीलंडने मान वर केली. "माहीत आहे."

"कुणाला?"

"सगळ्यांना. सगळ्या गावाला."

"मला कधी कुणी बोललं नाही!"

"तू बोलू दिलंस कुणाला?"

आर्विडचा चेहरा वाकडा झाला. "तो माझ्याकडे आला होता रे. चांगलासा काढ म्हणाला. डोळ्यांखाली ही एवढाली काळी वर्तुळं होती. महिनाभर झोपला नव्हता तो. मला दिसली ती. मला सगळं दिसतं, कामच आहे ना माझं ते! आणि मी काय केलं? पुसली. ब्रश घेऊन, चष्मा लावून, एकेक सुरकुती पुसली. झोप येत नाही का रे, एवढं विचारलं नाही. आणि मग तोच फोटो पेटीवर ठेवला, आणि बायका म्हणाल्या, किती शांत दिसतोय." त्याने बाहीने नाक पुसलं. "आज हीपण पुसली मी. दुनळीच्या पत्र्यात दिसली, तर पुसून टाकली. डाग म्हणून."

"आता विचारतो," आर्विड म्हणाला. "मरायला बसला होतास का?"

"विचारू नकोस."

"विचारणार. सांग."

"हो," लीलंड म्हणाला. मग एकदम ओरडला, "हो! झालं समाधान? तुला काय रे, तू चादरी टांग आणि दिवे लाव! घरात पाऊल टाकवत नाही मला. तिची चप्पल आहे अजून दाराशी. सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा राग येतो, उघडले कशाला म्हणून. कुणाला सांगू हे? तुला? तू विम्याचं घेऊन आलास!"

"चुकलो."

"चुकलास!"

"चुकलो म्हटलं ना. शिव्या दे, मार हवं तर. पण ती दे इकडे."

लीलंडने बंदुकीकडे असं बघितलं, जसं ती मांडीवर कुणी ठेवली तेच त्याला आठवत नव्हतं. मग खटका दाबून नळी खाली वाकवली. काडतूस गवतात पडलं. त्याने बंदूक पुढे केली, आणि आर्विडने ती घेऊन करंगळी घालून बघितली.

"अजून तेच," लीलंड म्हणाला. "आत्ता बघितलंस ना काडतूस पडलेलं!" आणि तो दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. आर्विड उठून त्याच्या भाऱ्यावर जाऊन बसला. खांद्यावर हात वगैरे टाकणं त्याला कधी जमलं नाही, आजही जमलं नाही. नुसता खेटून बसला.

संध्याकाळच्या आत जनेलला फोन गेला, आणि ह्या वेळी खरं तेच सांगितलं. "सावरला म्हणालो होतो ते चुकीचं होतं, बाळ. आज तो जीव द्यायला बसला होता. आत्ता माझ्या स्वयंपाकघरात आहे. ये." ती आली. डॉक्टर झाले, औषधं झाली. लीलंड हिवाळाभर आर्विडच्या मागच्या खोलीत राहिला. सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. चांगले दिवस थोडे, वाईट फार. कित्येक दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. एकदा ताट ढकलून म्हणाला, "माझ्यावर उपकार केलेस असं समजू नकोस." आर्विड म्हणाला, "नाही समजत. बटाटे तरी खा." रोज सकाळी मात्र तो दारात उभा राहून विचारायचा, "आज कसं वाटतंय? तसलं काही मनात आहे का?" लीलंड कधी नाही म्हणे, कधी हो म्हणे, कधी शिवी हासडे. आर्विड तिन्ही ऐकून घ्यायचा आणि हो आलं तर जनेलला फोन करायचा.

दुनळीचे फोटो लिलावाला गेले ते रेघेसकट; पुसली होती तीही त्याने परत आणली. पलीकडून कुणीतरी विचारलं, पत्र्यात कसलीशी रेघ आहे, पुसून पाठवता का? आर्विडने कळवलं, राहू दे.

मग एके दिवशी त्याने जुन्या खोक्यांतून ऑरिनची निगेटिव्ह शोधून काढली. ब्रश फिरवला होता तो कागदावरच्या फोटोवर, निगेटिव्ह जशीच्या तशी होती. त्याने ती कॉम्प्युटरवर घेतली आणि काहीएक न करता छापली. जुना फोटो आणि नवा फोटो गॅरेजमधल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि नुसता बघत राहिला. लीलंड कॉफीचा कप घेऊन, खांद्यावर ती करडी घोंगडी पांघरून मागे येऊन उभा राहिला. जुन्या फोटोतला तरुण गुळगुळीत, शांत. नव्यातल्याच्या डोळ्यांखाली काळं, ओठ कोरडे, नजर कॅमेऱ्याच्या कुठेतरी मागे लागलेली.

लीलंडने नव्या फोटोवर बोट ठेवलं. "हा ऑरिन. असाच दिसत होता त्या आठवड्यात. पेट्रोल पंपावर भेटला होता मला. बघून चरकलोच मी. विचारावंसं वाटलं होतं."

"मग?" आर्विडने वळून बघितलं.

"मग काय," लीलंड म्हणाला, "यंदा बर्फ लवकर पडेल का, ह्यावर बोललो. आणि निघालो."